झाकणावरचा दाणा

कालव्याला पाणी सुटलं आणि गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकून नमुन्याच्या वाटीतला गहू दाताखाली धरायला लागलं, की मी समजतो, रब्बी आली. कॅलेंडर नंतर बघतो. कोल्हारला आमचं बियाण्याचं दुकान आहे, माझ्या वडिलांनी, नानांनी, काढलेलं. या दिवसांत दुकानात नव्या गोण्यांचा आणि बियाण्याला चोळलेल्या औषधाचा वास भरून राहतो. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या गेल्या की मागं सांडलेल्या पाल्याचा ओला, गोडसर वास आत येतो. सकाळी प्रवरेच्या पुलाकडून असा गारवा येतो की पहिला चहा नुसता हातात धरून बसावा. गिऱ्हाईक दाणा चावतं आणि माझ्याकडे संशयानं बघतं. मीही त्याच्याकडे तसंच बघतो. एवढं झालं की मग आम्ही बोलायला लागतो.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते हा धंद्याचा रोग. असेल. मागच्या वर्षी पडून राहिलेलं बी नव्या पिशवीत घालून, वर ‘सुधारित’ असं छापून आणणारे लोक मी पाहिले आहेत. बी जितकं लालभडक रंगवलेलं, तितका जास्त वेळ मी ते तळहातावर धरतो. कंपनीचा माणूस कितीही गोड बोलू दे, मी ओलं गोणपाट घेतो, त्यात दाणे मांडतो, गुंडाळी करून मागच्या कोपऱ्यात ठेवतो. काही दिवसांनी गुंडाळी उलगडली की कोण खरं बोललं ते कोंब सांगतात. दूधवाल्यापासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांनाच असं गोणपाटात गुंडाळून ठेवता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

तर अशा माणसाला त्याच्या मुलीनं या दिवाळीला एक रेकॉर्ड आणून दिली, आणि ती वाजवायचं नवं मशीनही. मधुरा पुण्याला नोकरी करते. रेकॉर्ड अमेरिकेतली, सत्तरच्या दशकातली, तिकडच्या दक्षिणेच्या कापूसवाल्या मुलखातल्या गाण्यांची. एकेकाळी आमच्या घरी रोज संध्याकाळी वाजायची, तीच. मूळ रेकॉर्ड अजून माझ्या कपाटात आहे, पण तिला कव्हर पहिल्यापासूनच नव्हतं आणि लेबल ओल येऊन गेलेलं. त्यावरचा एक नंबर तेवढा वाचता येतो. मधुरानं गुपचूप त्या नंबराचा फोटो काढला, कुठं कुठं शोध घेतला आणि ‘रीमास्टर’ केलेली नवी आवृत्ती मागवली. रीमास्टर म्हणजे काय तेही तिनं समजावलं. स्टुडिओतली मूळ टेप बाहेर काढायची, तिच्यावरची खरखर घालवायची, दबलेले आवाज वर आणायचे आणि नव्यानं रेकॉर्ड काढायची.

म्हणजे जुनंच बी, नवी पिशवी, असं मी म्हणालो. ती हसली. तेव्हा हसली.

मूळ रेकॉर्ड आमच्याकडे आली ती बोअरच्या गाडीबरोबर. मोठा दुष्काळ होऊन गेला होता, गावोगाव बोअर पाडायला परदेशी मशिनं यायची आणि त्यांच्याबरोबर माणसं. त्यातला एक वेस्ली. उंच, काळा, हळू बोलणारा. आमच्या ओसरीलगतच्या खोलीत तो एक हिवाळा राहिला. गावानं त्याचा येसाजी केला आणि त्यानंही तो होऊ दिला. नानांना वाटायचं, हा आपल्या विहिरीचं पाणी खालून ओढून नेणार. रोज सकाळी ते विहिरीत दोर सोडून पाण्याचा अंदाज घ्यायचे. एकदा शेवगावकडच्या पाहुण्यांनी बैलगाडीतून कापूस आणला होता. वेस्लीनं त्यातलं एक बोंड उचललं आणि तिकडं न बघता, बोलता बोलता, एका हिसक्यात कापूस मोकळा केला. मग स्वतःची बोटं दाखवली. लहानपणी बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली, पाहुण्यांच्या बोटांसारखीच. त्याची आई, मावश्या, सगळ्या हेच काम करायच्या, असं त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं. त्या दिवसापासून नानांनी विहिरीत दोर सोडणं कमी केलं. बंद नाही केलं.

जाताना त्यानं आपलं रेकॉर्डचं मशीन आणि ती एक रेकॉर्ड नानांना दिली. बदल्यात काही नको म्हणाला. झालं, नाना हवालदिल. फुकट कोण देतं? त्यांनी मशीन उलटं केलं, खालचा पत्रा खोलला, आत काय दडवलंय ते पाहिलं आणि पत्रा परत बसवला. काही सापडलं नाही, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं असावं.

त्या वर्षांतली रब्बी मला कानानं आठवते. संध्याकाळी शेतीची लाईन यायची आणि शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. नदीच्या अंगानं घरघर उठायची, ती मळ्यामळ्यातून वर चढत घरापर्यंत यायची. घरातला दिवा तांबडा व्हायचा, नुसती आतली तार दिसायची. आई चुलीच्या उजेडात भाकरी करायची आणि आम्ही त्याच उजेडात जेवायचो. नाना गव्हाला पाणी लावून यायचे, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल सुकत आलेला. ते आधी मशीनजवळ बसायचे, पाय नंतर धुवायचे. रेकॉर्ड सुरू व्हायची. पहिल्यांदा एक बाजा, आमच्या भजनातल्या पेटीचा थोरला भाऊ म्हणावा असा. मग पितळी वाद्यं. आणि मग तो आवाज. जड, ओलसर, पोटातून आलेला. डोक्यावरचं ओझं सावकाश खाली ठेवावं तसा एकेक शब्द ठेवणारा. भाषा कुणालाच कळत नव्हती. मी कॉलेजात इंग्रजी शिकत होतो, पण त्या गाण्यातलं इंग्रजी आमच्या पुस्तकातलं नव्हतं.

पहिल्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात शेवटची ओळ येण्याआधी गाणारा थांबतो. वाद्यंही थांबतात. तो श्वास घेतो, आपल्याला ऐकू येईल असा, आणि मग ती ओळ म्हणतो. नाना बोट वर धरून त्या श्वासाची वाट बघत बसायचे. एका संध्याकाळी तो श्वास होऊन गेल्यावर ते म्हणाले, "ह्यो मानूस खोटं बोलत न्हाई. खोटं बोलनारा दम घेत न्हाई, त्याला घाई आसती."

हे नाना म्हणाले. ज्यांनी सख्ख्या भावाच्या शब्दावर कधी भरवसा ठेवला नाही, बहिणीच्या लग्नात सोनाराला पुन्हा कस लावायला लावला, माझ्या निकालाचा कागद उन्हात धरून शिक्का तपासला, ते नाना. त्यांच्या तोंडून कुणाच्या खरेपणाबद्दल मी तेवढंच ऐकलं. माझ्याबद्दल कधी ऐकलं नाही. त्या गाणाऱ्याचा मला हेवा वाटायचा, आणि त्याचा आधारही वाटायचा. या माणसाला कुणावर तरी विश्वास टाकता येतो, एवढं तरी त्यामुळं कळलं होतं. नानांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते वाक्य मी जपून ठेवलं आहे.

मशीनला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा घरात दंडक होता. शेतावर निघताना नाना झाकणाच्या कडेवर गव्हाचा एक दाणा ठेवायचे. झाकण उघडलं की दाणा पडणार. बियाण्याच्या पेटीवर, कणगीच्या तोंडावर, सगळीकडे त्यांचे असे दाणे असायचे. दाणा नेहमी बन्सी जातीचा. लांबट, कडक, मधाच्या रंगाचा. एका रविवारी मी झाकण जरासं उचललं आणि दाणा घरंगळून कुठं गेला ते सापडेना. संध्याकाळी नानांनी फक्त "कोन?" एवढंच विचारलं. मी परत त्या मशीनच्या वाटेला गेलो नाही. पुढं एका हंगामात विजेच्या कमी दाबानं त्याची मोटर जळाली आणि गाणं संपलं.

तर दिवाळीत मधुरानं नवी रेकॉर्ड उघडली. कव्हरवर एका बाईचा फोटो. लाकडी घराच्या पायरीवर बसलेली, अंगानं भरलेली, काळी, मध्यम वयाची बाई. कुणीतरी आत्ताच मापात मारलंय अशा नजरेनं बघणारी. मला वाटलं गाणाऱ्याची बायको असेल. मधुरानं सुई टेकवली. बाजा आला, पितळ आलं, आणि मग गायला लागली ती बाईच.

चाल तीच, वाद्यं तीच, पण सगळं थोडं उचललेलं, थोडं घाईत. नानांचा माणूस कुठंच नव्हता. मी मधुराला म्हणालो, तुला फसवलं. असं होतं, मूळ माल हाती लागला नाही की दुसरा भरतात आणि वर नाव पहिल्याचं टाकतात. ती म्हणाली, नंबर जुळतोय, आत माहितीचं पुस्तक आहे, वाचा. मी म्हणालो, पिशवीवर काय वाटेल ते छापता येतं. ती रेकॉर्डच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"पप्पा, तुम्हाला आजपर्यंत कुणाचं तरी खरं वाटलंय का?"

मी म्हणालो, बघू. भाऊबीज झाल्यावर ती पुण्याला गेली. तेव्हापासून फोन बायकोच्या मोबाईलवर येतो. पप्पा बरे आहेत ना, एवढं विचारते आणि ठेवते. पलीकडच्या खोलीत मला ते ऐकू येतं.

मशीन मी दुकानामागच्या खोलीत नेलं आणि गोणपाटाच्या गुंडाळ्यांशेजारी मांडलं. चाचणी म्हणजे चाचणी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी नवी रेकॉर्ड लावायचो, डोळे मिटून ऐकायचो, कुठं चूक सापडते का बघायचो. चूक सापडेना. सापडायला लागल्या भलत्याच गोष्टी. दुसऱ्या गाण्यात कुणीतरी लाकडी जमिनीवर पायानं ठेका धरलाय. बाजा वाजवणाऱ्याची खुर्ची करकरते. एका ठिकाणी मागून एक पुरुष हलकेच हुंकार देतो, शेतात कुणी आपलं बोलणं ऐकत असल्याची खूण द्यावी तसा. हे आमच्या जुन्या रेकॉर्डवर कधीच ऐकू आलं नव्हतं. आधी नव्हतं ते आता कुठून आलं? शोभा म्हणून घातलं असेल, असं मी मनाशी म्हणायचो, आणि तो हुंकार यायच्या वेळेला कान पुढं करायचो. आणि तिसऱ्या गाण्यातला तो श्वास. साफसफाई करणाऱ्यांनी तो कचरा म्हणून झाडून टाकला असेल अशी माझी खात्री होती. तो होता. पूर्वीपेक्षा जवळ होता. ओठ उघडल्याचा बारीक आवाज, मग आत जाणारी हवा. तिथं माझ्या अंगावर काटा यायचा आणि मला स्वतःचाच राग यायचा.

मग मी कपाटातली जुनी रेकॉर्ड काढली आणि त्याच मशीनवर लावली. खरखर तीच, दुसऱ्या गाण्यात सुई उडते ती जागा तीच. आवाज बाईचा.

दुसऱ्या कुणाचा संशय इथं मिटला असता. माझा मशीनवर गेला. मशीनच असं असेल, प्रत्येकाला बाई करून टाकणारं. पण मनातून मला कळत होतं की आता दोघांतलं एक खोटं ठरणार. पोरीनं आणलेली रेकॉर्ड, नाही तर नानांचं वाक्य. जन्मभर कुणाकडून न फसलेला माणूस ज्या एकावर विश्वास ठेवून बसला, तो माणूसच नव्हता असं म्हणायला माझी जीभ वळेना. मशीन बंद करून मी झाकणाच्या कडेवर एक दाणा ठेवला. शेवयांसाठी आम्ही अजून बन्सीचा एक पट्टा पेरतो, त्यातला. दुकानातली पोरं खोलीत येतात-जातात, असं मी स्वतःला कारण दिलं. हाताला सवय होती, दुसरं काही नाही.

आई दिवाळीला शेवगावला, माझ्या बहिणीकडे होती. ती परत आली ती थेट दुकानात. पाय आता फार चालत नाहीत, पण गहू बघितल्याशिवाय तिला रब्बी आल्यासारखी वाटत नाही. मी तिला मागच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, हातात सूप दिलं. ती खडे निवडत बसली. मी दाणा उचलून शर्टाच्या खिशात टाकला आणि नवी रेकॉर्ड लावली. तिला काही सांगितलं नाही. साक्षीदाराला आधी काही सांगायचं नसतं.

बाई गायला लागली. आईचे हात सुपावर थांबले.

"हीच ती," आई म्हणाली. "दुपारची."

मी विचारलं, दुपारची कोण. तिनं सूप खाली ठेवलं आणि इतक्या सहज सांगायला सुरुवात केली, जणू कालच्या भाजीबद्दल बोलतेय. नाना मळ्यात, मी कॉलेजला, बहीण शाळेत गेली की ती झाकण उघडायची. दाणा उचलून पदराच्या टोकाला बांधायची, रेकॉर्ड ऐकायची, दाणा परत जागेवर. येसाजी असताना मशीन कसं लावायचं ते तिनं चुलीपाशी बसून बघितलं होतं. दुपारी त्यात बाई गायची. संध्याकाळी नाना लावायचे तेव्हा बाप्या गायचा. तिला आधी वाटलं नवरा-बायको असतील, पाळीनं गात असतील. नंतर तिच्या ध्यानात आलं.

"दिवा तांबडा झाला की बाईचा बाप्या व्हायचा. मोटारी लागल्या की समदंच सावकाश व्हायचं. दळनाची गिरनीबी तशीच गळाठायची की रं."

दाब कमी, मशीन सावकाश, आवाज जड. एवढी साधी गोष्ट. आमच्या घरातल्या पुरुषांनी ती रेकॉर्ड फक्त तांबड्या दिव्याखाली ऐकली होती. मी विचारलं, मग नानांना सांगितलं का नाहीस.

"काय सांगू? म्या मशीन उघडलं म्हनून?" ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "आन त्यांना जगात एक मानूस खरा वाटत हुता. बाई हाय म्हनले आसते, तर त्याच्यावरबी संशय धरला आसता त्यांनी. ऱ्हाऊ दिलं."

तिसरं गाणं सुरू झालं होतं. श्वासाच्या जागी आईनं बोट वर केलं, नाना करायचे तसं. तो होऊन गेल्यावर बोट खाली आलं. मी खिशातला दाणा काढून बघत बसलो. मी म्हणालो, पण नानांना कधी कळलं कसं नाही? इतका हुशार माणूस, आणि दाणा रोज हलत होता.

आई माझ्या हातातल्या दाण्याकडे बघत होती.

"कळलं की," ती म्हणाली. "येक डाव शेळी शिरली परड्यात. म्या पळाले, तर पदरातला दाना पडला कुठंतरी. आता कुठं हुडकू? सुपात गहू हुता, त्यातला ठिवला. सूप कल्यान सोन्याचं हुतं."

बियाण्याच्या घरात याहून मोठी चूक होऊ शकत नाही. कल्याण सोना म्हणजे तेव्हा नवा आलेला बुटका गहू. त्याचा दाणा आखूड, पोटाला फुगीर, फिका. बन्सी लांब, कडक. आमच्या घरातलं शेंबडं पोरही डोळे मिटून फरक सांगेल. नानांना तर चिमटीत धरला तरी पुरे.

"सांजच्याला आले. दाना उचलला, बोटात फिरवला. माझ्याकडं बघितलं. माझा जीव भांड्यात न्हाई." तिनं सूप परत मांडीवर घेतलं. "मंग तोंडात टाकला आन चावून खाल्ला. म्हनले, चा टाक."

"आणि?"

"आन काय. दुसऱ्या दिवसापासनं त्या झाकनावर दाना न्हाई ठिवला त्यांनी. बाकी समद्यावर ठिवायचे."

रेकॉर्डची बाजू संपली. सुई मध्ये जाऊन कुरकुरत राहिली, आणि आम्ही दोघंही उठलो नाही. दाराबाहेर कुणीतरी गव्हाचं बी मागत होतं. मला आठवायला लागलं. मशीन जळायच्या आधीच्या वर्षांत झाकणावर खरंच दाणा नसायचा. म्हातारे होत चाललेत, विसरत असतील, असं तेव्हा मला वाटलं होतं. आपला बाप कुणावर विश्वास टाकू शकतो का, हे मी इतकी वर्षं एका परक्या मुलखातल्या गाणाऱ्याच्या जोरावर ठरवत आलो होतो, आणि ज्या बाईवर त्यांनी तो टाकला होता ती माझ्यासमोर खडे निवडत बसली होती.

आईनं विचारलं, रेकॉर्ड दुसऱ्या बाजूनं लावतोस का. मी म्हणालो, तूच लाव, तुला येतं. ती उठली, रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत कडेनं धरली, उलटली आणि सुई टेकवली. झाकण मी उघडंच ठेवलं आणि पुढं दुकानात आलो.

गिऱ्हाइकाला बी दिलं. त्यानं पिशवी उलटीसुलटी करून बघितली, उगवेल ना म्हणून विचारलं. मी म्हणालो, उगवेल. मग मी माझ्या मोबाईलवरून मधुराला फोन लावला. तिनं लगेच उचलला, घाबरलेल्या आवाजात. मी फोन केला म्हणजे काहीतरी झालंच असणार, असं तिला वाटलं असावं.

"रेकॉर्ड खरी आहे," मी म्हणालो.

मागच्या खोलीत बाई गात होती, तिचा आवाज फोनमध्येही जात असणार.

"पप्पा," मधुरा म्हणाली, "तोंडात काय आहे तुमच्या?"

"गहू," मी म्हणालो. "बन्सीचा. झाकणावरचा होता."